गोठा भरलेला, लेक उपाशी

आमच्या घरी दुधाला कधी तोटा नव्हता. पौड रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव, घरामागे म्हशींचा गोठा, आणि किटल्या भरून भूगाव-भुकूमच्या सोसायट्यांना दूध घालायचं हा आमचा धंदा. माझं लग्न ठरलं तेव्हा आईने शेजारणींना पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की आमची उज्ज्वला दुधातुपाच्या घरात पडतेय. अशा घरात पहिली नात जन्मली आणि ती आईच्या अंगावर पिईना. का पिईना, ते मी आता हसत सांगू शकते. तेव्हा मात्र रडून रडून माझा मास्क भिजायचा, आणि भिजलेल्या मास्कमधून श्वासही धड घेता यायचा नाही.

कोरोना येऊन गेला, लोक विसरलेही. पण अजूनही गावात कुणी पोटुशी असली की कधी तरी मला बाजूला घेऊन विचारते, "वहिनी, तुमी तवा कसं केलं वो?" प्रत्येकीला सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. औषधांचं डॉक्टरांनी लिहावं, मी माझ्यापुरतं लिहिते.

निकाल आला तो दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या माहेरच्यांनी गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही. आई फोनवर रडली, मी तिच्यावर ओरडले, आणि बाळंतपण सासरीच करायचं ठरलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्या खणखणीत बाई. गोठ्यातून हाक मारली तर रस्त्यावरची रिक्षा थांबावी असा आवाज. त्या दिवशी त्या चुलीवर तूप कढवत होत्या. आमचं तूप कढलं की अख्ख्या आळीला कळतं. मी शेजारी बसून होते, कढईतली बेरी लालसर होताना दिसत होती, आणि मला वासच येईना. आत्यांना म्हटलं, "तुपाला वास नाही आज." त्यांनी झारा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. टीव्हीवरून तेवढं त्यांनाही कळलं होतं.

पौडला तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या, सचिनच्या मोबाईलवर फोन आला. तो अंगणात किटल्यांना सॅनिटायझर मारत होता. सोसायट्यांनी तसा नियमच केला होता, किटली पुसल्याशिवाय गेटच्या आत सोडायचे नाहीत. फोन ठेवून तो तिथूनच म्हणाला, "पॉझिटिव्ह आलंय."

एरवी घरच्यांसमोर मी त्याला अहो-जाहो करते. त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, "तूच आणलास. रोज त्या लिफ्टमधून हिंडतोस, तूच आणलास घरात."

तो हातातलं फडकं पिळत उभा राहिला. मामा म्हणाले, "पोरी, आसं न्हाई बोलू." पण मी बोलून बसले होते, आणि तेवढ्यात पोटात बाळाने लाथ मारली. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. या आतल्या जिवाचं काय, एवढंच होतं.

पौडहून मला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचं ठरलं. बाळ जन्मलं तर त्याला सांभाळायला घरातलं एक निरोगी माणूस बरोबर हवं होतं. आत्यांना दमा, त्यांना कुणी जाऊ देईना. त्या पदर खोचून निघाल्या होत्या, मामांनी अक्षरशः वाट अडवली. तेवढ्यात माझी नणंद शीतल कॉलेजची सॅक घेऊन बाहेर आली. तिची टेस्ट निगेटिव्ह होती. आमचं नणंद-भावजयीचं टीव्हीच्या रिमोटवरूनही वाजायचं. शेणाला हात लावायचा म्हटलं तर हिचं नाक वर. ती ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि मागे वळून म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे बघून रडायचं नाही हां. मलापण रडू येतं."

पाठीवर नावं

लेक झाली. निळ्या पोशाखातल्या कुणीतरी तिला लांबून दाखवली. मी तिचं कपाळ पाहिलं, एक मूठ पाहिली, आणि तेवढ्यात तिला नेलं. संध्याकाळी मला धाप लागायला लागली, ऑक्सिजन लावला. बाळ शीतलपाशी, व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत. मधे काचेचं दार.

वॉर्डात सगळ्या पॉझिटिव्ह बाळंतिणी. सकाळी बोटाला चिमटा लावून मशीन बघायचं, मग गोळ्या, मग काढा, मग चहा. कशालाच चव नाही, वास नाही. सिस्टर सगळ्या एकसारख्या दिसायच्या, डोळेसुद्धा चष्म्याआड. म्हणून त्या पाठीवर मार्करने नाव लिहून यायच्या. आम्ही त्यांना पाठीवरूनच ओळखायचो. एकीच्या पाठीवर 'नसीम' असायचं आणि खाली एक हसरा चेहरा काढलेला.

नसीम सिस्टर मूळच्या पौडच्या, बाजारात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान. माझं गाव ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडचीच की तू!" त्या एका वाक्याने मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा रडले. त्या म्हणाल्या, "आता रडलीस तर मास्क बदलावा लागेल, आणि ते मोजून मिळतात मला. गप."

ऑक्सिजन होता तोवर बाळ जवळ द्यायचं नव्हतं. पण नसीम सिस्टरनी पहिल्या दिवसापासून मला सोडलं नाही. "दूध आटता कामा नये," म्हणत त्या माझ्याकडून स्टीलच्या वाटीत दूध पिळून काढून घ्यायच्या. पहिल्यांदा वाटीचा तळही झाकला नाही. पिवळट, घट्ट चीक. म्हशीच्या चिकाचा खरवस करून आम्ही गल्लीभर वाटतो, आणि इथे माझ्या चिकाचे चार थेंब सिस्टर दोन्ही हातांनी धरून घेऊन गेल्या.

पलीकडे शीतल ते बोंडल्याने पाजायची. बोंडलं म्हणजे चोच असलेली चांदीची छोटी वाटी. सचिनला लहानपणी त्यातूनच पाजलं होतं, आत्यांनी ते चिंचेने घासून पाठवलं. जी शीतल स्वतःचं ताट उचलून ठेवायची नाही, ती मांडीवर बाळ घेऊन, जीभ दातांत धरून थेंब थेंब पाजताना काचेतून दिसायची. एक थेंब सांडला तर मला फोन करून सांगायची, "वहिनी, सॉरी, गळ्याला गेला थोडा."

इकडे घरी वेगळीच तऱ्हा. आमच्याकडे पेशंट निघाल्याचं कळल्यावर सोसायट्यांनी दूध बंद केलं. म्हशींना कोण सांगणार? दूध निघतच होतं. आत्या खवा आटवत, तूप कढवत दिवस काढत होत्या. मामा रोज बाळासाठी घरच्या एकुलत्या एका गाईच्या दुधाची किटली घेऊन दवाखान्याच्या गेटवर येऊन उभे राहायचे. वॉचमन त्यांना रोज परत पाठवायचा. ते म्हणायचे, "आरं, घरचं हाय, पानी न्हाई त्यात!" वॉचमन म्हणायचा, "बाबा, प्रश्न पाण्याचा नाही."

सचिनही यायचा. कंपाउंडातल्या निंबाखाली गाडीवर बसून राहायचा, पण मला फोन करायचा नाही. निरोप शीतलमार्फत. माझं ते बोलणं त्याला लागलं होतं, आणि ते मागे घ्यायचं तर माझा हात फोनकडे जाईना.

तोंड फिरवायची

ऑक्सिजन निघाला, आणि राउंडवरचे डॉक्टर म्हणाले की आता मास्क लावून, हात स्वच्छ धुवून बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. आईच्या दुधाने नुकसान नाही, उलट फायदाच आहे. मी आत्यांना फोन लावला. पलीकडे आनंदाने आरडाओरडा झाला. मग आत्या आवाज बारीक करून म्हणाल्या, "पर सोच्छ धुवून पुसून पाज गं बाई. तुला ठावं हाय न्हवं आपलं? कास धुतल्याबिगर धार न्हाई."

ठाऊक कसं नसेल? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आत्यांनी मला गोठ्यात उभं करून शिकवलं होतं. आधी कोमट पाणी, मग स्वच्छ फडकं, मग धार. कास न धुता काढलेलं दूध त्या घरात घेत नाहीत. एकदा मामांनी घाईत तसंच काढलं तर आत्यांनी बादली अंगणात ओतली होती.

नसीम सिस्टर बाळाला घेऊन आल्या. लेक पहिल्यांदा माझ्या मांडीवर आली. एवढीशी, ऊबदार. तिने तोंड उघडलं, स्तनाला लावलं, आणि असं तोंड वाकडं केलं की कारलं चावलंय. मान फिरवली आणि टाहो फोडला.

"पहिल्यांदा होतं असं," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. सिस्टरनी बाळ कुशीत धरून पाहिलं, काखेखाली धरून पाहिलं, मला झोपवून पाहिलं. तिची जीभ पाहिली, टाळू पाहिला. सगळं ठीक. आणि गंमत बघा, तेच दूध वाटीत काढून शीतलने बोंडल्याने पाजलं की शहाण्यासारखी पिऊन झोपायची.

आत्यांनी घरी मोबाईलच्या स्क्रीनवरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. माझी दृष्ट काढली, मग बाळाच्या फोटोची काढली. "लई नजर लागली पोरीला," म्हणाल्या. मामांचे गेटवरून फोन चालूच होते, "गाईचं दूध द्या म्हनावं, मी हितं गेटावर हाय."

माझ्या मनात मात्र वेगळंच. लेकीला मी नको होते. जन्मल्या जन्मल्या तिला दुसऱ्याच्या मांडीवर दिलं, आता तिला शीतल आई वाटत असणार. खरं सांगते, त्या दिवसांत मला शीतलचा राग यायचा. माझ्यासाठी घरदार सोडून आलेल्या पोरीचा राग. एकदा फोनवर बोलूनही गेले, "तुझीच सवय लागलीय तिला."

ती म्हणाली, "वहिनी, ती भुकेने माझा कुर्ता चघळते. मला काय हौस आहे का? मी रोज गणपतीला सांगते, हिला आईकडे पिऊ दे."

मग दोघी काचेच्या दोन बाजूंना बसून रडलो.

पिळून काढलेलं दूध कमी कमी होऊ लागलं. बाळ ओढत नाही तर अंगाला तरी कसं कळणार? डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि ओरडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "आजचा दिवस पाहू. नाहीच घेतलं, तर वरचं दूध सुरू करू. त्यात तुमचा काही दोष नाही."

दोष नाही म्हणे. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

बाटली संपली

दुपारी नसीम सिस्टर बाळाला आणायच्या आधी मी पडदा ओढला आणि उशाखालची बाटली काढली. रिकामी. सिस्टर आल्या तर म्हटलं, "आधी मला सॅनिटायझर द्या. संपलं."

"कालच तर भरून दिलं! पडल्या पडल्या एवढं लागतं कुठं तुला?"

"हाताला. आणि पाजायच्या आधी लावायला."

"कशाला लावायला?"

मी छातीकडे बोट केलं.

सिस्टर बाळाला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चष्म्यामागे त्यांचे डोळे मोठे झालेले मला दिसले. "प्रत्येक वेळी?"

"हो. आधी साबणाने धुते. मग कापसाने सॅनिटायझर. वाटीत काढायच्या वेळी नुसतं पाण्याने धुते, कारण तेव्हा तिचं तोंड लागत नाही ना. पण आता तोंड लागणार, म्हणून." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. आमचा गोठा, कोमट पाणी, फडकं, अंगणात ओतलेली बादली, सोसायट्यांच्या गेटवर पुसून दाखवायच्या किटल्या. कोरोनात किटली पुसून घेतात, तर आईला नको पुसायला? मला तेव्हा हे इतकं बरोबर वाटत होतं की मी छाती काढून सांगत होते.

सिस्टर स्टुलावर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांचा चष्मा धुक्याने भरला.

"अगं वेडे! त्या बाळाला आईचा वास लागतो. आणि तू तिच्या तोंडात दवाखाना देतेयस! कडू जहर लागत असेल तिला." मग बाळाला सावरत म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. विचारायला हवं होतं मी. पण तुझा वास गेलेला, माझ्या नाकावर हे दोन दोन मास्क. शीतल काचेपलीकडे. सगळ्या वॉर्डात नाक शाबूत या एकट्या लेकीचंच, आणि ती बिचारी ओरडून सांगत होती."

त्यांनी कोमट पाण्यात कापूस भिजवून मला पुसून काढलं. पुन्हा पुन्हा. सोलवटलेल्या कातडीला झोंबत होतं, मी ओठ चावून बसले. म्हणाल्या, "रोजची आंघोळ पुरे. पाजायच्या आधी हात धुवायचे, मास्क लावायचा, बस. तू म्हैस नाहीस." मग माझ्याच दुधाचे दोन थेंब त्यांनी स्तनाग्राला लावायला सांगितले आणि लेकीला उघड्या छातीवर पालथी ठेवली.

ती थोडा वेळ नुसती पडून राहिली. नाक माझ्या अंगाला घासत राहिली. मग मान डुगडुगवत सरकली, सरकली, आणि लागली. दुखलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले इतकं दुखलं. पण ती सोडेना. ओढायची, थांबायची, गिळायची, पुन्हा ओढायची. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. कुणीतरी टाळी वाजवली तर नसीम सिस्टरनी हात उगारला, "शूऽऽ!"

माझ्या आयुष्यात इतका आनंद मला कधीच झालेला नाही. लग्नात नाही, लेक झाली तेव्हाही नाही. तिला मी हवी होते. आल्या दिवसापासून हवी होते.

काचेपलीकडे शीतल नाचत होती. नाचतच होती, दुसरा शब्द नाही.

सचिनला फोन मी केला. म्हटलं, "पितेय." खिडकीतून पाहिलं तर तो निंबाखाली गाडीच्या टाकीवर डोकं टेकून बसला होता. मी म्हटलं, "मी त्या दिवशी नको ते बोलले. कुणी आणला कुणास ठाऊक. तू घरी जा, जेव आता." तो म्हणाला, "जातो. आधी अजून थोडं सांग. कशी पितेय?" मग मी त्याला सांगत बसले.

आत्यांना सगळी हकीकत सांगितली तर मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मीच सांगितलं व्हतं तुला धुवाया. माझ्यापायी लेकरू उपाशी ऱ्हायलं." मी किती समजावलं, की तुम्ही पाणी सांगितलंत, सॅनिटायझर माझं डोकं. त्यांनी फोन मामांच्या हातात दिला.

घरी निघालो

निगेटिव्ह आल्यावर सोडलं. नसीम सिस्टर गेटपर्यंत आल्या नाहीत, येता येत नव्हतं. वॉर्डाच्या दारातून वळून गेल्या आणि मी त्यांच्या पाठीला हात जोडले.

मामा आणि सचिन आमचा दुधाचा टेम्पो धुवून, मागे गादी टाकून घेऊन आले होते. आत्या बरोबर येणार नाहीत असं ठरलं होतं, पण त्या होत्या. दोन मास्क लावून, टेम्पोपासून चांगल्या लांब उभ्या. शीतलने लेकीचं दुपटं बाजूला करून तोंड दाखवलं, तरी पाऊल पुढे टाकेनात. हात पाठीमागे धरलेले. नातीला हात लावायची या खणखणीत बाईला भीती वाटत होती.

मी गादीवर बसले आणि लेक रडायला लागली. भुकेचं रडणं, आता मला ओळखू येत होतं. भर रस्ता, गेटवर गर्दी, मी इकडे तिकडे पाहिलं.

तेव्हा आत्या पुढे आल्या. "तोंडं फिरवा रं समद्यांनी!" असा आवाज दिला की मामा, सचिन आणि न विचारता वॉचमनसुद्धा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आत्यांनी आमच्याकडे पाठ केली, पदर दोन्ही हातांनी पसरून धरला, आणि माझ्यापुढे आडोसा करून उभ्या राहिल्या.

लेक लागली. भुकेलेली होती, घटाघटा प्यायला लागली.

आत्यांना दिसत काहीच नव्हतं. त्या कान देऊन उभ्या होत्या.

"आवाज येतोय गं गिळायचा," त्या म्हणाल्या. "येतोय मला."

ऊन कलायला लागलं होतं. आमच्याकडे संध्याकाळच्या धारेची वेळ कशासाठीच चुकत नाही, कुणाच्या लग्नासाठी नाही, मयतीसाठी नाही. म्हशी अवघडतात, हंबरून गाव डोक्यावर घेतात. मामा रस्त्याकडे तोंड करूनच म्हणाले, "अगं, धारंचा टाइम झाला. गाडी चालू करू का? वाटंत प्येईल की ती."

"गाडीला हात लावायचा न्हाई," आत्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या म्हशी ताटकळत. माझी नात पितीय."